जाळ्यात सापडलेला प्रश्न

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपली होती आणि मी चर्चच्या ओट्यावर चारदोन धर्मग्रामस्थांशी बोलत उभा होतो. आमच्या कोळीवाड्यातील एक वयस्क तांडेल जरा बाजूला, हातातली टोपी चाळवीत थांबला होता. माणसे पांगल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "फादर, परवा जाळ्यात गादा मेला. जाळं टाकलं होतं सुरमईसाठी. पहाटे ओढलं तेव्हा तो त्यात गुंडाळलेला. पिल्लूच होतं, फार मोठं नव्हे. आणि त्याची आई, आईच असणार ती, होडीभोवती फिरत राहिली. आम्ही परत फिरलो तरी बराच वेळ मागं येत होती. मी काही त्याला मारला नाही, फादर. पण मेला माझ्या जाळ्यात. हे पाप धरायचं का?"

गादा म्हणजे डॉल्फिन. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या मच्छीमारांच्या तोंडी आजही हाच शब्द आहे.

मी त्याला लगेच उत्तर दिले. म्हणालो, "नाही बाबा. पाप घडायला जाणीव लागते, मनाची संमती लागते. तुम्ही पोटासाठी जाळे टाकले, डॉल्फिन मारण्यासाठी नव्हे. मनाला लावून घेऊ नका." सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात जे शिकलो त्याला धरूनच ते उत्तर होते आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. तांडेल "बरं फादर" म्हणाला. दोन पायऱ्या उतरून मात्र तो पुन्हा वळला. "पाप नाही म्हणता, तर मग झोप का येत नाही?"

हे संभाषण प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे आणि ते लिहिण्यास त्याने मला मोकळ्या मनाने संमती दिली आहे. मी ते येथे मांडतो, याचे कारण त्या दुसऱ्या प्रश्नाला त्या संध्याकाळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. जेथे कोणाचाही हेतू वाईट नाही, तेथे दोष असतो काय? आणि दोष नसेल, तर तेथे काहीच शिल्लक राहत नाही काय?

समुद्रातील आणि नदीतील

आरंभी त्या जीवाची थोडी ओळख करून घेऊ. डॉल्फिन मासा नव्हे, हे आपल्या मुलांनाही शाळेत शिकवले जाते. त्याचे रक्त उष्ण असते, त्याला फुप्फुसे असतात, मादी पिलाला जन्म देते आणि अंगावर पाजते. श्वास घेण्यासाठी त्याला काही मिनिटांनी पाण्यावर यावेच लागते. म्हणूनच जाळे त्याचा घात करते. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे नायलॉनचे जाळे त्याला बऱ्याचदा वेळेवर उमगत नाही. त्यात शेपटी वा पर अडकला की तो वर येऊ शकत नाही आणि ज्या पाण्यात जन्मला त्याच पाण्यात बुडून मरतो. आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन तर उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी राहणारा आहे. जेथे आपली जाळी, तेथेच त्याचे घर.

डॉल्फिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रच येतो. परंतु त्याची काही भावंडे गोड्या पाण्यात, समुद्रापासून शेकडो कोसांवर राहतात. गंगा व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात एक, सिंधू व तिची उपनदी बियास यांत दुसरे, दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन व तिला मिळणाऱ्या नद्यांत आणखी काही. निसर्गाने या दोहोंमध्ये पक्की भिंत घातलेली नाही. दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ला प्लाटा डॉल्फिन वंशाने नदीचा, पण राहतो खाऱ्या पाण्यात. उलट इरावदी डॉल्फिन समुद्रातील डॉल्फिनांच्या कुळातला असून तो किनाऱ्यालगत राहतो, ओडिशातील चिलिका सरोवराच्या मचूळ पाण्यात राहतो, आणि म्यानमारमध्ये इरावदी नदीत खूप आत, मंडालेच्याही वर, पूर्ण गोड्या पाण्यात राहतो. तेथील मच्छीमार आणि हे डॉल्फिन मिळून मासे धरतात. मच्छीमार होडीच्या काठावर काठी वाजवतात, डॉल्फिन मासे होडीकडे हाकतात, मग जाळे फेकले जाते. जाळ्यातून निसटलेल्या घाबऱ्या मासळीवर डॉल्फिनांचेही पोट भरते. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनीही हे नोंदवून ठेवले आहे.

आपल्या गंगेतील डॉल्फिनला उत्तरेकडे सोंस किंवा सुसू म्हणतात. पाण्यावर येऊन तो श्वास सोडतो, त्या आवाजावरून हे नाव पडले. तो जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नाही. प्रकाश आहे की अंधार, एवढेच बहुधा त्याला कळते. गंगेच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी काय! तो सतत ध्वनी काढतो, त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग आणि भक्ष्य शोधतो, आणि कुशीवर कलून, एका पराने नदीचा तळ चाचपीत पोहतो. सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी ज्या प्राण्यांना मारू नये म्हणून स्तंभावर आज्ञा कोरविली, त्यांतील 'गंगापुपुटक' म्हणजे हाच जीव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे बावीस शतकांपूर्वीच या देशात एका राजाला त्याची काळजी वाहावीशी वाटली होती.

नदीला दुसरे दार नसते

समुद्रातील आणि नदीतील डॉल्फिनांची ही तुलना मी केवळ माहितीसाठी केलेली नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या दोन घरांत एक मोठा फरक आहे. समुद्र विशाल आहे. तेथे एक जीव मेला तर दुसरा कोठेतरी असेल, असे मनाला समजावता येते. किनाऱ्यावर गोंगाट वाढला, घाण वाढली, तर तो खोल पाण्यात गेला असेल, असेही म्हणता येते. ते नेहमी खरे असतेच असे नाही, कारण किनाऱ्याचा डॉल्फिन सहसा किनारा सोडत नाही. पण समुद्राच्या विस्तारामागे आपला हिशेब दडून राहू शकतो. नदीत तो दडत नाही. नदीला दोन काठ असतात. एका बाजूला धरण आणि दुसऱ्या बाजूला बंधारा बांधला की तिची एक लांबट खोली होते. त्या खोलीत आपण जे टाकू, त्यातच त्याला राहावे लागते. १९७५ साली फरक्का येथील बंधारा सुरू झाला, तेव्हापासून गंगेतील डॉल्फिनांच्या वाटा तेथे अडल्या. सिंधूवरील बंधाऱ्यांनी तेथील डॉल्फिनांना तुकड्यातुकड्यांत विभागून टाकले.

चीनच्या यांगत्से नदीत जे घडले, ते तर प्रत्येक विचारी माणसाने एकदा तरी ऐकून ठेवावे असे आहे. त्या नदीत बैजी नावाचा, फिकट रंगाचा डॉल्फिन होता. जगात इतरत्र तो कोठेही नव्हता. नदीकाठच्या लोकांच्या कथांमध्ये त्याला नदीची देवता मानले जाई. त्याला संपवावे असे कोणीही ठरवले नाही. उलट १९७० च्या दशकात सरकारने त्याला कायद्याचे संरक्षण दिले, १९९२ साली नदीचे काही पट्टे त्याच्यासाठी राखून ठेवले. पण मासेमारांनी नदीच्या तळाशी शेकडो गळांच्या दोऱ्या पसरल्या, कारण त्यांच्या घरी मुले होती. जहाजांची ये-जा वाढली, कारण व्यापार वाढला. धरणे झाली, कारण विजेची आणि पूरनियंत्रणाची गरज होती. कारखान्यांचे पाणी नदीत आले, कारण कारखान्यांत लोकांना काम मिळत होते. यांतील एकेक कारण घेतले तर प्रत्येक कारण माणुसकीला धरूनच आहे. १९९७ च्या पाहणीत तेरा बैजी दिसले. २००६ साली नोव्हेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत शास्त्रज्ञांच्या एका पथकाने दोन बोटींतून सहा आठवडे नदी पिंजून काढली. ते दुर्बिणी घेऊन पाहत होते, पाण्यात यंत्रे सोडून ऐकत होते. एकही बैजी दिसला नाही, एकाचाही आवाज आला नाही. पुढील वर्षी त्यांनी जाहीर केले की हा जीव बहुधा नामशेष झाला आहे.

त्यांच्यातला एक, चीची, याची हकीकत मला विसरता येत नाही. १९८० च्या आरंभी गळांनी जखमी झालेल्या अवस्थेत तो मासेमारांना सापडला. त्यांनी त्याला वाचवले. वुहान येथील संशोधन संस्थेत तो बावीस वर्षांहून अधिक काळ जगला आणि जुलै २००२ मध्ये वारला. त्यातील बहुतेक काळ तो एकटा होता. त्याची काळजी घेणारी माणसे प्रेमळ होती, औषधोपचारात काही कमी नव्हते. बाहेर मात्र त्याची जात संपत होती. ज्यांच्या गळांनी तो जखमी झाला, त्यांच्याच हातांनी तो वाचला. मग येथे गुन्हेगार कोण?

आणि यापुढची पायरी ॲमेझॉनच्या खोऱ्यात दिसली. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्राझीलमधील तेफे सरोवराचे पाणी दुष्काळाने आटले आणि उष्णतेने ते ३९ अंश सेल्सियसच्याही वर गेले. काही आठवड्यांत दोनशेहून अधिक डॉल्फिन मेले. तेथे तर जाळेही नव्हते, गळही नव्हता. हवामानातील बदलाचा त्या दुष्काळात मोठा वाटा होता, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणजे त्या मृत्यूत जगभरच्या चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा अंश होता. तांडेलाला निदान आपले जाळे दिसले. आपणांस तेही दिसत नाही.

अज्ञानाचे दोन प्रकार

आता नीतिशास्त्राकडे वळू. ख्रिस्तसभेची परंपरागत शिकवण अशी की कृतीचे मोल ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात: प्रत्यक्ष कृती, तीमागचा हेतू आणि परिस्थिती. तांडेलाच्या बाबतीत कृती मासेमारीची, म्हणजे प्रभूच्या पहिल्या शिष्यांच्या व्यवसायाची. हेतू कुटुंबाच्या पोषणाचा. एखाद्या चांगल्या कृतीतून अनिष्ट परिणाम घडला, तो आपण इच्छिला नव्हता, तो आपल्या लाभाचे साधन नव्हता आणि कृतीचे कारण पुरेसे गंभीर होते, तर त्या परिणामाचा दोष कर्त्याकडे जात नाही, असे आमचे प्राध्यापक शिकवीत. माझे पहिले उत्तर याच वाटेने आले होते आणि ते चुकीचे नव्हते.

पण त्याच शिकवणीत पुढे एक वाक्य असे, ते मी त्या संध्याकाळी विसरलो. अनिष्ट परिणाम टाळण्यासाठी जे करणे शक्य आहे ते केले पाहिजे, ही त्या तत्त्वाची अट आहे. शिवाय अज्ञानाचे दोन प्रकार आम्हांला शिकवले होते. एक, जे कितीही प्रयत्न केला तरी दूर होण्याजोगे नसते. त्याचा दोष नाही. दुसरे, जे थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते. त्याचा दोष आहे आणि चौकशी जाणूनबुजून टाळली असेल तर तो अधिकच आहे. यांगत्सेच्या काठी पहिला गळ टाकणारा मासेमार पहिल्या प्रकारात मोडतो. जेव्हा मोजणी झाली, अहवाल आले, आणि तरीही वर्षामागून वर्ष गेले, तेव्हा सारा समाज हळूहळू दुसऱ्या प्रकारात सरकला. ज्ञान वाढते तशी सबब लहान होते.

येथे मला मिस्सेच्या आरंभी आपण करतो ती पापकबुली आठवते. विचाराने, शब्दाने आणि कृतीने घडलेल्या पापांबरोबर आपण तेथे न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. दर रविवारी ती आपल्या ओठांवर असते. पण प्रायश्चित्त संस्काराला येणारी माणसे बहुतेक वेळा केलेल्या गोष्टीच सांगतात. न केलेल्या गोष्टी सांगणारे थोडे. गेली अनेक वर्षे मी त्या खुर्चीत बसतो आहे आणि स्वतः गुडघे टेकतो तेव्हा माझीही यादी तशीच असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात पापाच्या संरचनांविषयी लिहिले. अनेकांची छोटी छोटी पापे, आळस आणि दुर्लक्ष साठत जाऊन अशी व्यवस्था उभी राहते की तिच्यात चांगला माणूसही नकळत वाईटाला हातभार लावतो. त्यांनीच १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात निसर्गाची हानी हा नैतिक प्रश्न आहे, असे स्पष्ट सांगितले. पुष्कळांना तेव्हा ते जरासे दूरचे वाटले असेल. मलाही वाटले होते.

त्याची किंमत कोणी ठरवली?

येथे एखादा वाचक म्हणेल, "फादर, हे सारे ठीक. पण शेवटी तो एक प्राणी. माणसाच्या प्रश्नांपुढे त्याचे काय एवढे?" हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. संत थॉमस अक्वायनस यांचे मत असे होते की जनावरांशी क्रूरपणा करू नये, कारण क्रूरपणाची सवय लागलेला माणूस माणसांशीही क्रूर होतो. म्हणजे तेथेही केंद्रस्थानी माणूसच आहे. परंतु त्याच संतांनी दुसऱ्या एका ठिकाणी विचारले की परमेश्वराने इतक्या विविध वस्तू का निर्माण केल्या? त्यांचे उत्तर असे की परमेश्वराचा चांगुलपणा एवढा अपार आहे की तो कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही. एकीत जे उणे राहते ते दुसरी भरून काढते. हे मान्य केले, तर बैजी गेला तेव्हा देवाच्या चांगुलपणाचा जो अंश तो जीव, आणि केवळ तोच, आपल्या असण्याने सांगत होता, तो या पृथ्वीवर सांगणारे कोणी उरले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच खंत व्यक्त केली आणि प्रत्येक जीवाला, तो आपल्या उपयोगाचा असो वा नसो, स्वतःचे असे मोल आहे, असे निःसंदिग्धपणे शिकवले.

पवित्र शास्त्र काय सांगते? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवशी परमेश्वर मोठमोठे जलचर निर्माण करतो, ते चांगले आहेत असे पाहतो आणि त्यांना आशीर्वाद देतो की फळद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. बायबलमधला हा पहिला आशीर्वाद आहे. माणूस तेव्हा निर्माणच झालेला नाही. सहाव्या दिवशी आपल्याला अधिकार मिळतो हे खरे, पण तो आधीच आशीर्वादित असलेल्या सृष्टीवर मिळतो. जलप्रलयानंतरचा करार नोहाशी होतो तसाच प्रत्येक सजीवाशी होतो. एकशे चाराव्या स्तोत्रात समुद्रातील लिव्याथान कशासाठी आहे, तर खेळण्यासाठी. स्तोत्रकर्त्याला त्याचा काही उपयोग दाखवावासा वाटला नाही. आणि योनाचे पुस्तक आठवा. निनवे नगरीवर दया का करू नये, असे परमेश्वर विचारतो, तेव्हा तेथील अजाण माणसांबरोबर तो तेथल्या जनावरांचाही उल्लेख करतो, आणि त्या उल्लेखावरच ते पुस्तक संपते.

म्हणून डॉल्फिन हुशार आहे, माणसाचा मित्र आहे, त्याचा चेहरा हसरा दिसतो, या कारणांवर मला त्याची बाजू उभारावयाची नाही. इरावदीचे डॉल्फिन मासेमारीला मदत करतात हे सुंदर आहे, पण जो मदत करत नाही त्याचे काय? गंगेतला सोंस आंधळा आहे, गढूळ पाण्यात तो क्षणभरच दिसतो, तो ना खेळ करून दाखवतो ना होडीपुढे उड्या मारत धावतो. त्याच्या चरबीचे तेल मासे आकर्षित करण्यासाठी वापरता येते, म्हणून त्याला मारले गेले आहे. उपयोगावर मोल ठरवायचे, तर त्याचे मोल तेवढ्या तेलाइतकेच. गरीब, आजारी, वृद्ध अशा माणसांचे मोलही जेव्हा जग उपयोगावर ठरवू लागते, तेव्हा ख्रिस्तसभा त्याला कडाडून विरोध करते. माणूस परमेश्वराच्या प्रतिरूपात घडलेला आहे, डॉल्फिन नाही, हा भेद मी पुसत नाही. पण उपयोग म्हणजेच मोल, ही सवय एका दाराने घरात घेतली की ती सर्व खोल्यांत फिरते.

जाळ्याची भरपाई कोणी करायची?

आता प्रश्नाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. 'कॅथॉलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' या ग्रंथात प्राण्यांना विनाकारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे आहे असे म्हटले आहे आणि त्याच परिच्छेदात, माणसांच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच चालावे लागते. डॉल्फिन वाचवा, असे शहरातील सुखवस्तू माणसाने म्हणायचे आणि त्याची किंमत कोळ्याने चुकवायची, हा न्याय नव्हे.

चीनने १ जानेवारी २०२१ पासून यांगत्से नदीत दहा वर्षांसाठी मासेमारी बंद केली. त्या नदीत बैजीचा एक दूरचा आप्त, पाठीवर पर नसलेला छोटा शिंशुक, अद्याप आहे. २०१७ च्या मोजणीत तो १,०१२ होता, २०२२ च्या मोजणीत १,२४९ झाला. दीर्घकाळ घसरतच चाललेली संख्या प्रथमच वाढली. ही आनंदाची वार्ता आहे. परंतु त्या बंदीने दोन लाखांहून अधिक मच्छीमारांच्या हातांतील जाळे सुटले, हेही त्याच वार्तेत आहे. धरणे आहेत तेथेच आहेत, जहाजे चालूच आहेत. प्रायश्चित्त साऱ्यांचे होते, त्याचा सर्वांत जड भाग मात्र होडीवाल्यांच्या खांद्यावर आला.

आपल्या देशाने २००९ साली गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात त्याच्यासाठी १९९१ पासून अभयारण्य आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या व्यापक मोजणीत आपल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आढळले. त्यांतील फक्त तीन सिंधूच्या जातीचे, बियास नदीत. तीन! समुद्रातील डॉल्फिनांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. परंतु केवळ कायद्याच्या भीतीचा एक परिणाम असाही होतो की जाळ्यात मेलेला डॉल्फिन गुपचूप पाण्यात सोडून दिला जातो आणि कोणाला काही कळत नाही. आमच्या तांडेलानेही तेच केले होते. आपल्या राज्यात २०१८ च्या डिसेंबरपासून एक चांगली योजना सुरू झाली. संरक्षित सागरी जीव जाळ्यात जिवंत सापडला आणि त्याला सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. मला या योजनेत नीतिशास्त्राचा एक धडा दिसतो. जाळे कापण्याचे धैर्य एकाचे, पण त्याची झीज साऱ्यांनी वाटून घ्यायची. ख्रिस्ती समाज म्हणजे याहून वेगळे काय असते?

शेवटचा संवाद

पावसाळ्यानंतर, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर, एके दिवशी मीच त्या तांडेलाच्या घरी गेलो. अंगणात तो जाळे शिवत बसला होता. मी म्हणालो, "बाबा, मे महिन्यात मी तुम्हांला अर्धेच उत्तर दिले. जाळ्यात पिल्लू मेले, ते तुमचे पाप नव्हे, हे मी आजही म्हणतो. पण झोप आली नाही ती योग्यच होते. तुमच्या हातून जे घडले त्याचे दुःख तुम्हांला झाले. ते दुःख दोषाची खूण नव्हे, ती जबाबदारीची सुरुवात होती. मी ते घाईने पुसून टाकायला निघालो होतो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने सांगितले की मोसम सुरू झाल्यापासून एकदा जाळ्यात जिवंत गादा सापडला होता. जाळे होडीच्या मालकाचे. खलाशी म्हणाले, ओढून घेऊ, मग पाहू. याने सुरी काढली आणि जाळे कापले. गादा गेला. मालकाने नुकसान याच्या वाट्यातून वळते करून घेतले.

"भरपाईचा अर्ज केला नाही?" मी विचारले.

"अर्ज कुणाला करायचा फादर, आणि फोटो कोण काढत बसतो? हातात सुरी होती."

मला त्या उत्तराची लाज वाटली, त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. आमच्या धर्मग्रामात पदवीधर मुले आहेत, वकील आहेत, सरकारी नोकरीत असलेली माणसे आहेत. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आम्ही सारे याच लोकांची मासळी आनंदाने खातो. ती कोणत्या जाळ्यातून आली, त्या जाळ्यात आणखी काय आले, आणि त्याचे मोल कोणी भरले, हे आम्ही कधी विचारलेले नाही. जी चौकशी केली असती तर अज्ञान दूर झाले असते, ती आम्ही केलेली नव्हती. म्हणजे तांडेलाने आपल्यासाठी विचारलेला प्रश्न खरे पाहता माझा होता, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांचाही असेल.

त्यानंतर आम्ही थोडेसे केले. धर्मग्रामातील दोन तरुण आता कोळीवाड्यात जाऊन अशा अर्जांचे कागद भरून देतात आणि सुटका करताना मोबाइलवर छायाचित्र कसे काढावे ते खलाशांना शिकवतात. जाळे ठोकणाऱ्या जीवांना दूर ठेवण्यासाठी ध्वनी करणारी छोटी यंत्रे काही देशांत वापरली जातात. ती सर्व ठिकाणी उपयोगी ठरतातच असे नाही, तरी त्यांची माहितीही ते मिळवीत आहेत. ज्या तांडेलाच्या वाट्यातून पैसे कापले गेले, त्याला संत पीटरच्या सणाला जमलेल्या निधीतून काही रक्कम द्यावी, असे आमच्या मंडळात ठरले. त्याने ती घेतली नाही. म्हणाला, पुढचा जो कापील त्याला द्या.

यांगत्सेच्या काठी असा हिशेब कोणी वेळेवर मांडला असता तर काय झाले असते, हे आज सांगता येत नाही. बैजी परत येणार नाही. काही गोष्टींची क्षमा मिळते, पण भरपाई होत नाही, हे प्रायश्चित्ताच्या शिकवणीतले कटू सत्य आहे. गंगा मात्र अजून वाहते आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर पहाटेच्या वेळी गादा अजून वर येऊन श्वास घेतो आहे. सृष्टीच्या पाचव्या दिवशी त्याला मिळालेला आशीर्वाद परमेश्वराने मागे घेतलेला नाही. तो आपल्या हातून रद्द होऊ नये, एवढी तरी काळजी आपण वाहू या. आणि ज्यांना पहाटे समुद्रावर जावे लागते, त्यांच्यावर तिचा सारा भार टाकून आपण झोपी जाऊ नये, यासाठी प्रभूने आपलीही झोप थोडी मोडावी, अशी माझी प्रार्थना आहे.